बोटांच्या बुटांवर हसण्याआधी स्वतःची जुनी पुरवणी बघा

मा. संपादक,

कालच्या पुरवणीतला ‘बेडकाच्या पायांचे बूट’ हा लेख वाचला आणि डोकं फिरलं. रात्री झोपताना ठरवलं होतं जाऊ दे, पण सकाळी चहाच्या वेळी परत तेच पान समोर आलं म्हणून लिहितोय.

बुटांना बेडकाचे पाय म्हणा, माकडाचे म्हणा, माझं काही जात नाही, वीब्रम कंपनीचे फाइव्हफिंगर्स, म्हणजे पायाची पाचही बोटं वेगळी दिसणारे ते पातळ बूट, दिसतातच तसे. आमच्या घरात त्यांना ‘गोरिला’ म्हणायचे. २०११ मध्ये अमेरिकन आर्मीने सुद्धा व्यायामाच्या युनिफॉर्मवर हे बूट घालायला मनाई केली होती आणि कारण काय, तर सैनिकाला शोभत नाहीत! तेव्हा हसण्यात तुमचे लेखक काही पहिले नाहीत. माझी तक्रार शेवटच्या ओळीबद्दल आहे, ‘अखेर कोर्टाने ही फसवणूक उघडी पाडली.’ कुठल्या कोर्टाने हो? २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या फेडरल कोर्टात केस झाली हे खरं, पण २०१४ मध्ये ती तडजोडीत मिटली. कंपनीने ३७.५ लाख डॉलर बाजूला काढले, चूक केली असं काही कबूल केलं नाही, आणि पायाचे स्नायू मजबूत होतात, दुखापती कमी होतात असं पुराव्याशिवाय जाहिरातीत म्हणणार नाही एवढं मान्य केलं. म्हणजे गंडलं ते जाहिरातीतलं वाक्य, बूट आजही विकले जातायत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. बरं बूट घेतलेल्या ज्यांना पैसे परत मिळणार होते त्यांना एका जोडामागे ९४ डॉलरपर्यंत मिळतील असं सांगितलेलं, मागणारे इतके निघाले की हातात आले आठ डॉलर आणि वर चिल्लर. हे लिहिलं असतं तर लेखात थोडी तरी गंमत आली असती.

आणि ‘अमेरिकेतल्या एका कंपनीच्या सुपीक डोक्यातून’ हे कुठून आणलंत? कंपनी इटलीची. विताले ब्रामानी या गिर्यारोहकाच्या नावातली पहिली अक्षरं जोडून वीब्रम, त्यामुळे ते ‘व्हायब्रम’ पण नाही, पण ते एक सोडा, सगळेच तसं म्हणतात. १९३५ मध्ये आल्प्समध्ये त्याचे सहा साथीदार दगावले, बुटांचे तळ त्या थंडीच्या लायकीचे नव्हते, त्यानंतर या माणसाने डोंगरात पकड घेणारा रबरी तळ बनवायचा ध्यास घेतला आणि १९३७ मध्ये टायरवाल्या पिरेलीच्या मदतीने तो बनवला. १९५४ मध्ये इटलीची टीम के-टू शिखरावर पहिल्यांदा पोचली ती हेच तळ घालून. अशा घरातल्या नातवाकडे, मार्को ब्रामानीकडे, रॉबर्ट फ्लिरी नावाचा डिझाइनचा विद्यार्थी पायाच्या प्रत्येक बोटाला वेगळा खिसा असलेला बूट घेऊन आला. त्याने ती कल्पना १९९९ मध्ये मांडलेली. जिने जाड तळावर नाव कमावलं तीच कंपनी जवळजवळ तळ नसलेला बूट बनवते, यात लेखाचा मसाला नव्हता? त्यात पुन्हा हा बूट धावण्यासाठी काढलेलाच नव्हता, आधी डोळ्यासमोर होते शिडाच्या बोटीवरचे लोक, ओल्या डेकवर पाय घसरू नये म्हणून. धावणारे नंतर आपणहून येऊन चिकटले, २००६ मध्ये एकजण ते घालून बॉस्टन मॅरेथॉन धावला, मग काय विचारता.

आता माझ्या मुद्द्यावर येतो. २०११ मध्ये तुमच्याच या पुरवणीत, याच पानावर, ‘बूट फेका, गुडघे वाचवा’ असा अर्धं पान भरून लेख आला होता. कात्रण माझ्याकडे आहे, पिवळं पडलंय पण वाचता येतं. त्यात लिहिलं होतं की हार्वर्डने सिद्ध केलंय. काय सिद्ध केलंय? हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांचा २०१० चा ‘नेचर’मधला पेपर एवढंच सांगत होता की अनवाणी धावायची सवय असलेले लोक बऱ्याचदा टाचेवर न पडता चवड्यावर पडतात आणि तसं पडलं की टाच आपटल्यावर बसतो तसा झटका बसत नाही. दुखापती कमी होतात असं तो पेपर म्हणत नव्हता. आणि त्या संशोधनाला थोडा पैसा वीब्रमचाही होता, हे त्यांनी पेपरातच छापलंय, तुमच्या लेखात मात्र त्याचा मागमूस नव्हता.

मी मूर्ख, मी विश्वास ठेवला. जोड घेतला. पहिल्या दिवशी ते घालायलाच वीस मिनिटं गेली, अंगठा जातो, पुढची तीन कशीबशी जातात, करंगळी ऐकतच नाही, ती शेजारच्या खिशात घुसते, मग पाय बाहेर काढा, पुन्हा सगळी बोटं पसरून पहिल्यापासून. मुलगी दारात उभी राहून म्हणाली, बाबा हातमोजे पायात का घालताय. शेवटी करंगळी चिमटीत धरून तिला तिच्या घरात बसवली आणि निघालो. आणि धावताना इतकं भारी वाटलं, जमिनीवरचा प्रत्येक खडा कळत होता, पाय जागा झाल्यासारखा, की पहिल्याच दिवशी आठ किलोमीटर. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या लाकडासारख्या, तरी गेलो. तिसऱ्या आठवड्यात पायाच्या वरच्या बाजूला सूज. डॉक्टरांनी दुसऱ्या बोटाच्या मागे एका जागी फक्त अंगठा टेकवला आणि मी टेबलावरून उठून बसलो. हाडाला बारीक चीर. सहा आठवडे घरी.

चूक माझी होती, शंभर टक्के माझी, वीस वर्षं जाड टाचेच्या बुटात झोपलेल्या पायाला एका दिवसात कामाला लावलं. पण हळूहळू सवय करा, पोटरी आणि हाडांना महिने लागतात, ही एक ओळ तुमच्या त्या लेखात कुठेच नव्हती. आणि नीट हळूहळू करूनही प्रॉब्लेम येतो हे नंतर कळलं, २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीचा अभ्यास आला, ३६ अनुभवी धावणारे, १० आठवडे, हळूहळू अंतर वाढवत, तरी फाइव्हफिंगर्सवाल्या १९ पैकी १० जणांच्या पायाच्या हाडात एमआरआयवर सूज वाढलेली. तेव्हा मी काही त्या बुटाची वकिली करत नाहीये. मला एवढंच विचारायचंय की तेव्हा अर्धं पान भरून डोक्यावर घेतलंत, आता अर्धं पान भरून पायाखाली घालताय, दोन्ही वेळा वाचकाच्या पायाचं काय ते वाचकाने बघायचं, असंच ना?

जाता जाता, कालच्या लेखातलं ‘अबेबे बिकिला आयुष्यभर अनवाणी धावला’ हेही चूक. १९६० ला रोम ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये हा इथिओपियाचा धावपटू अनवाणी धावला आणि गोल्ड घेतलं, १९६४ ला टोकियोत बूट घालून धावला आणि पुन्हा गोल्ड घेतलं. वीब्रमने तर त्याचंच नाव एका मॉडेलला दिलं होतं, २०१५ मध्ये त्याच्या घरच्यांनी त्यावरून केस केली आणि फार उशिरा आलात म्हणून कोर्टाने ती काढून टाकली. बघा, कोर्टाचा खराखुरा निर्णय हवाच होता तर हा होता, तो तुम्ही घेतला नाही.

आणि हो, हाड जोडेपर्यंत घरी बसलो होतो तेव्हाही मी तुम्हाला पत्र लिहिलं होतं. सुरुवात सभ्यपणे केली होती, ‘आपला लेख आवडला, पण’ आणि त्यापुढे दीड पान. तुम्ही ‘आपला लेख आवडला’ एवढंच छापलंत, स्वल्पविरामाच्या जागी पूर्णविराम टाकून, खाली माझं नाव. ऑफिसात लोक अभिनंदन करत होते आणि मी कुबडी घेऊन उभा. जागेअभावी पत्रं कापावी लागतात हे समजतं, पण कुठे कापायचं याचा काही हिशोब आहे का नाही? शब्दकोड्याला मात्र तुमच्याकडे कायम जागा असते, त्यातही गेल्या आठवड्याची उत्तरं आलेलीच नाहीत.

यावेळी पहिल्या वाक्यात मुद्दाम काहीच चांगलं लिहिलेलं नाही, परत बघून घ्या.

आपला,
एक जुना वाचक (नाव छापू नये)