कोळंबी संवर्धनाच्या परवान्याआधी खाडीची मोजणी करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२५ मध्ये घेतल्यापासून कोकणातील खाडीकाठच्या गावांत कोळंबी, जिताडा (खाडीतला एक मासा) आणि खेकडा संवर्धनाकडे अनेकांच्या आशा लागल्या आहेत, आणि त्या रास्तही आहेत. गावात राहून हक्काचे उत्पन्न देणारे व्यवसाय आपल्याकडे मोजकेच आहेत. म्हणूनच हा व्यवसाय टिकावा यासाठी एक गोष्ट परवाने वाढण्याआधी व्हायला हवी, असे मला आग्रहाने सांगायचे आहे: परवाना एकेका तळ्याचा विचार करून दिला जातो, तो त्या संपूर्ण खाडीची धारणक्षमता, म्हणजे ती किती तळ्यांचे सांडपाणी पचवू शकते हे, मोजून दिला जावा.

कोळंबीच्या खाद्यात साधारण एक तृतीयांश प्रथिने असतात. प्रथिनांत नत्र (नायट्रोजन) असते, आणि खाद्यातून तळ्यात जाणाऱ्या या नत्रापैकी सुमारे चौथा हिस्साच कोळंबीच्या रूपाने बाहेर निघतो. उरलेला अमोनियाच्या, विष्ठेच्या आणि तळाशी साचणाऱ्या काळ्या गाळाच्या रूपात राहतो व पाणी बदलताना खाडीत येतो. एका तळ्याचे एवढे पाणी खाडी सहज पचवते. वीस तळ्यांचे पचवेल की नाही, हे मात्र त्या खाडीतले पाणी किती दिवसांत बदलते यावर ठरते. आपल्याकडचा कुठलाही पाग (फेकजाळे) टाकणारा माणूस सांगेल की उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) खाडी धुऊन निघते आणि भांगाला (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला) तेच पाणी पुढेमागे हेलकावत राहते. भांगाच्या ओहोटीला वरच्या अंगाच्या तळ्याने सोडलेले पाणी पुढच्या भरतीला शेजाऱ्याच्या पंपात शिरते. त्या पाण्यात पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा विषाणू असेल, तर शेजाऱ्याने बीज (कोळंबीची पिल्ले) कितीही तपासून आणलेले असले तरी त्याचा उपयोग होत नाही, कारण खाडीतले खेकडेही हा विषाणू वाहून नेतात.

२००९ मध्ये व्हॅनामी या परदेशी जातीच्या कोळंबीच्या संवर्धनाला परवानगी देताना दर चौरस मीटरला ६० नगांची मर्यादा घालण्यात आली. ही मर्यादा योग्यच आहे, पण ती तळ्याच्या आतली आहे. एका खाडीवर अशी किती तळी असावीत, याचे उत्तर तिच्यात नाही.

शिवाय सगळ्या खाड्या सारख्या नसतात. सह्याद्रीतून उतरणाऱ्या आपल्या बहुतेक नद्या आखूड आहेत. पावसाळ्यात त्यांच्या पुराने खाडीचे पाणी जवळजवळ गोडे होते आणि उन्हाळ्यात वरून येणारे पाणी नाममात्र उरते. वाशिष्ठीची गोष्ट निराळी आहे, कारण कोयनेच्या वीजगृहांतून सुटणारे पाणी बारमाही तिच्या पात्रात येते आणि त्यामुळे दाभोळच्या खाडीची क्षारता वेगळी वागते. दाभोळला जे चालेल ते जैतापूरला चालेलच, असे म्हणता येत नाही. मोजणीही कोणत्या दिवशी केली याला फार महत्त्व आहे. श्रावणात, खाडी तुडुंब वाहत असताना घेतलेला पाण्याचा नमुना मे महिन्यातल्या भांगाविषयी काहीच सांगत नाही, आणि खरी कसोटी तर त्याच दिवसांत लागते.

विज्ञानाला उशिरा बोलावले की काय होते, हे देशाने पाहिलेले आहे. १९९४-९५ मध्ये पूर्व किनाऱ्यावरील कोळंबी प्रकल्प रोगाने उद्ध्वस्त झाले. सर्वोच्च न्यायालयाने नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेकडून पाहणी करवून घेतली आणि डिसेंबर १९९६ मध्ये किनारी नियमन क्षेत्रातील कोळंबी प्रकल्प, पारंपरिक पद्धतीचे वगळून, हटवण्याचा आदेश दिला. तोवर शेते खारावली होती, विहिरी बिघडल्या होत्या आणि कर्जे बुडाली होती. पुढे २००५ मध्ये तटीय जलजीवपालन प्राधिकरणाचा कायदा आला. २०२३ च्या दुरुस्तीने पिंजऱ्यातील मत्स्यपालन, समुद्री शेवाळ आणि कालवांचे (शिंपल्यातल्या जिवांचे) संवर्धन असे नवे प्रकार त्याच्या कक्षेत घेतले आणि तुरुंगवासाच्या शिक्षेऐवजी आर्थिक दंड आणला. लहान उत्पादकाला तुरुंगाची भीती नसावी हे मला मान्य आहे. पण शिक्षा सौम्य केली तर देखरेख अधिक काटेकोर व्हायला हवी.

ती करणारी माणसे आपल्याकडे आहेत. रत्नागिरीजवळ शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे, रत्नागिरीतच सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे आणि वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. प्रत्येक खाडीत ठरावीक जागी, महिन्यातून एकदा उधाणाला व एकदा भांगाला क्षारता, विद्राव्य प्राणवायू, अमोनिया आणि गाळ मोजणे हे अवाढव्य खर्चाचे काम नाही. या नोंदी मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागाव्यात. तिसऱ्या आणि मुळे हे शिंपले वेचणाऱ्या बायकांना कोणत्या महिन्यात कुठली पुळण (वाळूचा पट्टा) रिकामी झाली हे यंत्राआधी कळते. त्यांचे सांगणेही तारखेसह नोंदवून मोजमापाशी ताडून पाहावे. सिंधुदुर्गात कांदळवनाच्या योजनांतून महिला बचतगट कालवे आणि शिनाणे (हिरव्या शिंपल्यांचा प्रकार) वाढवतात. या जिवांना खाद्य घालावे लागत नाही, ते पाणी गाळूनच जगतात, आणि म्हणून खाडी बिघडली की पहिला तोटा याच बायकांचा होतो. परवाना देताना त्यांचे नाव कुठल्याही अर्जावर नसते.

मोजणीत वर्ष जाईल आणि बँकेचे प्रकरण अडकेल, ही तरुण अर्जदारांची अडचण खरी आहे. त्यासाठी मोजणीचा खर्च सरकारने उचलावा, आणि लहान तळ्यांच्या समूहाला पाणी निवळवण्यासाठी एक सामाईक तलाव अनुदानातून बांधून द्यावा. त्या तलावात बोय हा मासा आणि कालवे सोडली तर सांडपाण्याचा भार कमी होतो आणि थोडे उत्पन्नही मिळते.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समित्यांना माझी विनंती आहे की ज्या खाडीच्या किमान एका वर्षाच्या, मे महिन्यासह, नोंदी जाहीर झालेल्या नाहीत, त्या खाडीवर दाट संवर्धनाच्या नव्या प्रकल्पाची शिफारस करू नये. पेण-अलिबागच्या खारेपाटातील (खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीतील) जिताड्याची पारंपरिक तळी आणि विरळ संवर्धन यांना या अटीतून वगळावे.

आपला,
खाडीकाठचा एक वाचक, रत्नागिरी