माझ्या ‘नातेवाइका’ला मारक टी पेशी समजावून सांगणाऱ्या बाईंना

सोलापूर

आदरणीय बाईंना सादर नमस्कार.

आपण मुलीकडे पुण्याला राहायला गेलात, त्याला आता चार महिने होतील. जाण्यापूर्वी भेटून आभार मानायचे राहून गेले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते खुले ठेवण्याचे कारण असे की, शरीरातल्याच मारक टी पेशी, म्हणजे बाधित पेशींना मारणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, एचआयव्हीचा नायनाट करतील अशा ज्या बातमीमुळे मी आपल्यापर्यंत पोचलो तशा बातम्या अजूनही येत असतात, आणि त्या वाचून आज रात्रीची गोळी घ्यावी की नाही, या विचारात माझ्यासारखेच कोणीतरी बसलेले असेल. आपले नाव लिहीत नाही, माझेही लिहीत नाही.

शरीरातल्या मारक टी पेशी एचआयव्हीचा नायनाट करतील हे खरे आहे का, असे मी त्या दुपारी वाचनालयात आपल्याला विचारले होते. आपण महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होता, एवढेच मला ग्रंथपालांकडून कळले होते. “एका नातेवाइकासाठी विचारतो आहे,” असे मी म्हणालो. आपण चष्मा काढून टेबलावर ठेवलात आणि विचारलेत, “तुमच्या नातेवाइकांनी गोळ्या थांबवल्या नाहीत ना?” मला उत्तर देता आले नाही. गोळ्यांची बाटली नऊ दिवसांपासून कपाटात कपड्यांमागे तशीच पडून होती. मारक पेशी माझ्याच अंगात आहेत, तर त्यांना त्यांचे काम करू द्यावे, असा माझा हिशेब होता. आपण रागावला नाहीत. “त्यांना उद्याच सिव्हिलच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधे देतात तिथे, पाठवा, तिथे सगळे खरे सांगायला लावा, आणि रविवारी तुम्ही या,” एवढेच म्हणालात. पुढचे सगळे रविवार आपण ‘तुमचे नातेवाईक’ असेच म्हणत राहिलात. ते नातेवाईक म्हणजे मीच, हे आपल्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तरीही तो आडोसा आपण शेवटपर्यंत राहू दिलात, त्याचे मोल माझ्या लेखी औषधाहून कमी नाही.

मी चादरीच्या कारखान्यात घडी खात्यात आहे हे कळल्यावर आपण पुस्तकातली आकृती बाजूला सारलीत आणि चादरीतला दोष मला नेमका केव्हा दिसतो, असे विचारलेत. विणलेले कापड उजेडात टेबलावर पसरले की तुटलेला धागा आधी बोटाला लागतो आणि मग डोळ्याला दिसतो, असे मी सांगितले. मारक पेशीचे कामही असेच चालते, असे आपण म्हणालात. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत बनणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे पृष्ठभागावर मांडून ठेवते आणि मारक पेशी ते तुकडे चाचपत फिरते. एखादा तुकडा विषाणूचा निघाला, तर ती त्या पेशीला चिकटते, परफोरिन नावाच्या प्रथिनाने तिच्या आवरणाला छिद्रे पाडते आणि त्यांतून ग्रॅन्झाइम ही दुसरी प्रथिने आत सोडते. मग ती बाधित पेशी आपणहून मरणाला लागते. ही पारख कोणत्या नियमाने होते, ते उलगडल्याबद्दल पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल यांना १९९६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यानंतर आपण जेकार्डवर, म्हणजे मागावर नक्षी विणवणाऱ्या यंत्रणेवर, आलात, आणि तो रविवार मी विसरणार नाही. बंद मागावर छिद्रांच्या पुठ्ठ्यांची माळ टांगलेली आहे, सगळी नक्षी तिच्यात आहे. पण माग चालत नाही तोवर कापड नाही, आणि कापडच नाही तर घडी खात्यातल्या माणसाने काय तपासायचे? एचआयव्ही आपली जनुके सीडी४ पेशीच्या, म्हणजे तो ज्या पांढऱ्या रक्तपेशींत शिरतो त्यांच्या, जनुकांत जोडून टाकतो. अशा काही पेशी विसाव्यात जातात, त्यांत विषाणूची प्रथिने बनत नाहीत, म्हणून तुकडाही मांडला जात नाही आणि मारक पेशी शेजारून निघून जाते. गोळ्या विषाणूचा नवा फैलाव रोखतात, पण ही टांगलेली माळ काढत नाहीत. म्हणूनच त्या थांबवल्या की बहुतेकांच्या रक्तात काही आठवड्यांत विषाणू परततो. अशा निजलेल्या बाधित पेशींचा साठा निम्मा व्हायला सरासरी सुमारे ४४ महिने, म्हणजे केवळ गोळ्यांवर तो संपायला सत्तरहून अधिक वर्षे लागतील, हा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील रॉबर्ट सिलिसियानो यांच्या गटाचा २००३ मधला हिशेब आपण माझ्या वहीच्या कोपऱ्यात मांडून दाखवलात. मी वही मिटली. आपण ती पुन्हा उघडलीत.

कारण बातमीतला एक भाग खराच होता. एचआयव्हीच्या जातकुळीतल्या विषाणूची बाधा झालेल्या माकडांच्या शरीरातून १९९९ मध्ये मारक पेशी काढून टाकल्या, तेव्हा विषाणू उसळून वर आला. त्या परतल्या, तसा तो पुन्हा दबला. बाधितांपैकी एक टक्क्याहूनही कमी लोक गोळ्यांविना विषाणू आटोक्यात ठेवतात, आणि त्यांतल्या अनेकांच्या बाबतीत श्रेय याच पेशींना जाते. मग निजलेल्या पेशी औषधाने जाग्या कराव्यात आणि मारक पेशींनी त्या टिपाव्यात, असा विचार पुढे आला. २०१२ मध्ये सिलिसियानो यांच्याच गटाने हे प्रयोगशाळेत करून पाहिले, तेव्हा जागवलेल्या पेशी नुसत्या जागवल्याने मेल्या नाहीत, आणि गोळ्या चालू असलेल्या बहुतेक रुग्णांच्या मारक पेशींनाही त्या मारता आल्या नाहीत. त्याच मारक पेशींना आधी विषाणूचे तुकडे दाखवून तयार केले, तेव्हा मात्र त्यांनी काम केले. २०१५ मध्ये आणखी एक अडचण समोर आली: उपचार उशिरा सुरू झालेल्यांच्या साठ्यात बहुतांश विषाणू असे होते, ज्यांनी मारक पेशींच्या ओळखीचे तुकडे आधीच बदलून टाकले होते. तरीही न बदललेल्या भागांवर रोख धरणाऱ्या मारक पेशी त्यांना मारू शकल्या. “प्रयोगशाळेत आणि उंदरांत,” हे शब्द आपण दोनदा उच्चारलेत आणि वहीत त्यांच्याखाली रेघ ओढलीत.

त्या रेघेसाठी हे पत्र आहे, बाई. यापूर्वी एका माणसाने मला खात्रीचा इलाज म्हणून पुड्या विकल्या होत्या, आणि दुसऱ्या एकाने यात काही राम नाही म्हणून हात झटकले होते. संशोधन कुठवर आले आहे आणि कुठे अडले आहे, हे मला पेलेल अशा शब्दांत, एकही गोष्ट न फुगवता, फक्त आपण सांगितलेत. एचआयव्हीतून बरा झालेल्या बर्लिनच्या रुग्णाबद्दल मी मोठ्या आशेने विचारले, तेव्हाही त्याला रक्ताचा कर्करोग होता, त्यासाठीच त्याच्यावर अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण झाले आणि दात्याच्या पेशींत विषाणूला शिरायला लागणारे सीसीआर५ हे दारच नव्हते, हे आपण शांतपणे समजावलेत, आणि गोळ्यांवर धडधाकट असलेल्या माणसाने तो धोका का पत्करू नये, हेही.

गोळी रोज रात्री नऊला घेतो. मागच्या तपासणीत व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, मोजता येण्याइतका नव्हता. समुपदेशक ताईंनी कागद हातात दिला, तेव्हा आपल्याला फोन करावासा वाटला होता.

एक शंका मात्र उरली आहे. लसिकाग्रंथींत बी पेशींची (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींची) जी पुटके, म्हणजे झुबके, असतात, त्यांत मारक पेशी फारशा शिरत नाहीत, म्हणून विषाणू तिथे टिकून राहतो, असे आपण शेवटच्या रविवारी म्हणाला होता. शिरत नाहीत म्हणजे वाट मिळत नाही, की तिकडे वळण्याची खूणच त्यांच्याजवळ नसते? सोलापूरला याल तेव्हा वही घेऊन येतो.

आपला कृतज्ञ,
नातेवाईक