पालकमंत्री महोदय, आमचं व्याख्यान कुणी बंद पाडलं?

प्रति,
मा. पालकमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

मागच्या हिवाळ्यात आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेचं उद्घाटन आपल्या हस्ते झालं. आपण वेळ काढून आलात याचा गावाला आनंद होता आणि तो मी आजही नाकारत नाही. त्या दिवशी माइकवरून आपण शब्द दिला होता : "वाचनालयाला सभागृह देतो, पुढच्या वर्षी व्याख्यान पत्र्याखाली होणार नाही."

सभागृह झालं नाही. त्याच्या मंजुरीचं साधं पत्रही आलं नाही. त्याऐवजी फाट्यावर स्वागत कमान उभी राहिली आणि तिच्यावर आपला फोटो लागला. तेही आम्ही गिळलं. पण यंदा व्याख्यानमालेचं दुसरं पुष्प होऊच दिलं गेलं नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहितो आहे.

विषय कापसाचा होता. केंद्र सरकारने १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली, म्हणजे आमचा कापूस घरात यायच्या वेळेलाच दार सताड उघडं. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव होता क्विंटलला ८,११० रुपये. मग परदेशातली कापसाची गाठ बंदरात उतरली की व्यापारी आमच्या गावात येऊन करतात त्या खेडा खरेदीत भाव का पडतो, हे लोकांना समजून घ्यायचं होतं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेल्या एका प्राध्यापक बाई ते सांगायला येणार होत्या. मानधन नाही, एसटीचं भाडं, शाल-श्रीफळ आणि आमच्या घरचं जेवण, एवढ्यावर त्या यायला तयार झाल्या होत्या.

आदल्या दिवशी समाजमंदिराची चावी काढून घेतली गेली. कारण काय, तर साहेबांचा दौरा आहे, मांडवाचं सामान तिथे उतरणार आहे. शाळेचं पटांगण मागितलं, तर परवानगीसाठी भाषणाची लेखी प्रत आणा म्हणाले, वर सरकारवर टीका होणार नाही अशी हमी लिहून द्या म्हणाले. व्याख्यात्याने काय बोलावं याची हमी मी कोण देणार? संध्याकाळी सांगितलं, परवानगी नाही. लेखी मागितलं, तेही नाही. तोवर बाई एसटीतून उतरल्या होत्या. सत्तरीला आलेली ती विदुषी बसस्टँडच्या सिमेंटच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, आणि मला तिला सांगावं लागलं की आज बोलता येणार नाही.

दिवसभर कापूस वेचून आलेल्या बायका भाकरी उरकून, बसायला पोतं घेऊन निघाल्या होत्या. बोंडांच्या टोकांनी त्यांची बोटं सोललेली. त्यातल्या एकीने मला विचारलं, "भाऊ, त्या बाईले बोलू देत नाईत, मंग आमी इचारावं तरी कोनाले?" महोदय, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आपल्याकडे असेल तर गावात येऊन द्या.

आमच्याकडे प्रश्नांची एक वही असते. व्याख्यानाच्या आधी आठवडाभर ती वाचनालयाच्या टेबलावर पडलेली असते. ज्याला लिहिता येत नाही त्याचा प्रश्न शाळेतली पोरं लिहून घेतात. यंदाच्या वहीत लिहिलंय : ओलावा १२ टक्क्यांच्या वर आहे म्हणून खरेदी केंद्रावरून गाडी परत केली, तर गाडीभाडं कोणी द्यायचं? ज्याच्याकडे साधा फोन आहे त्याने हमीभावाच्या खरेदीसाठी अ‍ॅपवर नोंदणी कशी करायची? बोंडअळी लागू नये म्हणून विकलेल्या बीटी बियाण्यावर गुलाबी बोंडअळी येतेच, मग बियाण्याचे पैसे कशाचे घेता? ठेक्याने वावर करणाऱ्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नसतं, तिचा कापूस कोणाच्या नावावर विकायचा? यातला एक तरी प्रश्न देशद्रोहाचा आहे का? एक तरी प्रश्न दंगलीचा आहे का?

आपल्या सभेत प्रश्न विचारायची सोय नसते. पोलीस आमच्या पुढे दोर बांधतात, आपण बोलता, टाळ्या होतात, गाड्यांचा ताफा निघून जातो. व्याख्यानमालेत दीड तास बोलल्यावर वक्त्याला तासभर ऐकावं लागतं. आम्हाला तोच तास हवा आहे, आणि तोच तुमच्या यंत्रणेला नको आहे असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

ही रीत आम्ही कुठून उसनी आणलेली नाही. गाडगेबाबा याच मातीतले, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांचं कीर्तन म्हणजे समोरच्या माणसाला प्रश्न आणि त्याच्याच तोंडून उत्तर. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी गावं जागी होतात म्हणून इंग्रजांनी १९४२ साली त्यांना नागपूरच्या आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. आज आपण दोघांच्याही पुतळ्यांना हार घालता. मग त्यांच्या गावांत एका बाईला कापसावर बोलू का देत नाही?

माझा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. तिथली वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली, ती आजही चालते. तो फोनवर सांगतो, आज अमुक वक्ता ऐकला, उद्या तमुक. मला त्याचा हेवा वाटतो, आणि खरं सांगतो, रागही येतो. शहरात राहिलं तर विचार ऐकायला मिळणार आणि गावात राहिलं तर फक्त घोषणा ऐकायच्या, हा कुठला न्याय? यंदा माझी तूर जळाली, सोसायटीचं कर्ज डोक्यावर आहे, घरात रोज बोलणी खातो की वाचनालय सोड. ग्रंथपालाला आम्ही महिन्याला काय देतो ते इथे लिहायची मला लाज वाटते. १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, त्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, आम्ही शेवटच्या वर्गातले. अनुदानाचा हप्ता कधी येईल याची खात्री नाही. कपाटाला वाळवी लागली तेव्हा वर्गणी गावाने काढली. उधारी करून मी माइकवाल्याला इसार दिला होता, तो बुडाला.

विदर्भाला शब्द देऊन विसरायची सवय तर जुनीच आहे. विदर्भाने महाराष्ट्रात यावं म्हणून १९५३ चा नागपूर करार झाला, त्यातलं किती पाळलं? विकासनिधीचा न्याय्य वाटा मिळावा म्हणून असलेल्या विदर्भ वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, तेव्हा इथल्या किती आमदारांनी विधिमंडळाचं कामकाज बंद पाडलं? आणि बोलणाऱ्याची भीतीही नवी नाही. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळच्या साहित्य संमेलनात लेखिका नयनतारा सहगल यांना उद्घाटनाला बोलावून निमंत्रण मागे घेतलं गेलं. शेवटी उद्घाटन एका शेतकऱ्याच्या विधवेने केलं, आणि साऱ्या महाराष्ट्राने तिला ऐकलं. आमच्या बायकांना बोलता येतं आणि ऐकताही येतं, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं होतं.

आता मागणं. दौऱ्याच्या नावाने समाजमंदिराची चावी कुणाच्या तोंडी हुकमाने गेली, ते चौकशी करून कळवा. परवानगी नाकारली तर कारण लेखी मिळालं पाहिजे आणि भाषणाची प्रत कुठल्या नियमाखाली मागितली तो नियम दाखवा. अनुदान वेळेवर द्या. सभागृहाचं जमत नसेल तर जमत नाही असं स्पष्ट सांगा, आम्ही पत्र्याखाली बसू, पण खोट्या आशेवर ठेवू नका.

प्राध्यापक बाईंनी पुन्हा यायचं कबूल केलं आहे. पुढच्या महिन्यात व्याख्यान होणार. कुठलीच जागा मिळाली नाही तर माझ्या खळ्यावर होईल. परवानगीचा अर्ज आज टपालाने रजिस्टर केला आहे, त्याची एक प्रत आपल्या कार्यालयालाही पाठवली आहे. आपण यावं. व्यासपीठावर खुर्ची ठेवणार नाही, लोकांबरोबर खाली बसावं लागेल आणि वहीतले प्रश्न संपेपर्यंत थांबावं लागेल.

आपला,
वाचनालयाचा चिटणीस आणि कापूस उत्पादक शेतकरी