स्मृतिभ्रंशाच्या रुग्णालाही लिव्हिंग विल करता यावे

महोदय,

शेवटच्या आजारपणात कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवण्याच्या, म्हणजे लिव्हिंग विलच्या हक्काला सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्यता दिली. २४ जानेवारी २०२३ ला अटी सोप्या झाल्या. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. हा दस्तऐवज डिजिटल आरोग्य नोंदीतही जोडता येतो. साहजिकच ऑनलाइन फॉर्म आणि ॲप निघू लागली आहेत. पण देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे आणि ही ॲप त्यांना दारातच अडवतात.

लिव्हिंग विल करणारा सुदृढ मनाचा हवा, ही अट आहे. म्हणून निदान झाले की विषय संपला, असे घरचे धरून चालतात. ते चूक आहे. आजाराच्या सुरुवातीला सकाळी काय खाल्ले ते आठवत नसले, तरी ‘माझ्या वतीने धाकटी बोलेल, नाकात नळी नको’ हे माणूस समजून-उमजून सांगू शकतो. क्षमता त्या-त्या निर्णयापुरती तपासायची असते. डॉक्टरांनी ती त्याच दिवशी तपासून लिहून ठेवावी. ॲपमध्ये त्यासाठी जागा हवी.

पहिली अडचण ओटीपीची. सहा आकडे मेसेजमध्ये वाचून फॉर्ममध्ये टाकेपर्यंत रुग्ण ते विसरतो. मग मुलगा टाकतो आणि पुढची उत्तरेही तोच भरतो. म्हणून लॉगिन नातेवाइकाने करावे, उत्तरे रुग्णाने त्याच्या आवाजात द्यावीत आणि कोणी काय भरले याची वेगळी नोंद राहावी. वेळ संपली म्हणून फॉर्म बंद होता कामा नये.

पहिला प्रश्न उपचारांचा नकोच. ‘तुमच्या वतीने कोण बोलेल?’ हा हवा. ते नाव बहुतेकांना चटकन सांगता येते. एका स्क्रीनवर एकच प्रश्न, उत्तर देईपर्यंत समोर राहणारा. चिन्हांऐवजी खरे फोटो घ्यावेत, कारण नळीचे रेखाचित्र सलाइनचे वाटते. ‘व्हेंटिलेटर नको असे नाही ना?’ अशी वाक्यरचना तर धडधाकट माणसालाही चकवते. स्मृतिभ्रंशात समोरच्याला ‘हो’ म्हणायची सवय वाढते, म्हणून तोच प्रश्न थोड्या वेळाने उलटा करून विचारावा, शेवटी ‘आता तुमच्या शब्दांत सांगा’ म्हणावे आणि ते बोलणे जपून ठेवावे.

एक बैठक १५-२० मिनिटांची, शक्यतो सकाळी; संध्याकाळी गोंधळ वाढतो. पुढच्या बैठकीत आधी मागची उत्तरे ऐकवावीत. दोन दिवसांची उत्तरे जुळली नाहीत, तर नव्या उत्तराने जुने पुसून टाकणे हा सर्वांत घातक दोष आहे. दोन्ही उत्तरे तारखेसह राहावीत आणि डॉक्टरांना दिसावीत.

नळीचा प्रश्न नीट मांडलाच पाहिजे. आजाराच्या शेवटच्या टप्प्यात नळीने अन्न दिल्याने आयुष्य वाढते किंवा न्यूमोनिया टळतो, असे दिसलेले नाही. पण फॉर्ममध्ये नुसते ‘नळी नको’ असले, की घरच्यांना ते ‘उपाशी ठेवा’ असे वाटते आणि ते घाबरून ‘हवी’वर बोट ठेवतात. तिथे ‘जमेल तेवढे हाताने, घासाघासाने भरवा’ हा तिसरा पर्याय स्पष्ट लिहावा.

आणि हे सगळे शेवटी एका कागदावर छापून निघावे: प्रतिनिधीचे नाव, फोन, नको असलेले उपचार, तारीख, सह्या. साक्षांकनानंतर त्याची एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या कस्टोडियनकडे (हे दस्तऐवज सांभाळण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) आणि एक घरात औषधांच्या डब्याशेजारी ठेवावी. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत पासवर्ड कोणालाच आठवत नाही.

— स्मृतिभ्रंश शुश्रूषा क्षेत्रातील कार्यकर्ते, पुणे