दिवाणखान्यातल्या तलवारी

मा. संपादक,

गंगापूर रोडवरच्या नव्या बंगल्यांत रेनेसाँ काळातली म्हणून युरोपीय तलवारी-चिलखतं मांडली जातात. हौस चांगली, पण त्यांतल्या कित्येक वस्तू नव्या घडणीच्या असतात. १६व्या शतकातलं अस्सल युद्धचिलखत साधारण १५ ते २५ किलोचं. पत्रा छातीवर जाड, हातापायांवर पातळ. स्वस्त नकलेत तो सगळीकडे सारखाच! त्यापेक्षा ‘फिरंगी’ तलवार शोधावी: युरोपीय पातं, देशी मूठ. पात्यावरच्या ‘आंद्रेया फेरारा’ या जुन्या इटालियन पातं-कारागिराच्या नावावर मात्र भाळू नये, त्याची सर्रास नक्कल झाली आहे.

चिंच-राखेनं घासून चकाकी आणणं तर शुद्ध अडाणीपणा. मुठीवरची कोफ्तगरी, म्हणजे पोलादावरचं सोन्या-चांदीच्या तारेचं नक्षीकाम, निघून जाते. हलकं तेल लावून मऊ कापडानं गंज पुसावा, मग मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा (जुन्या वस्तू जपायला वापरतात त्या खनिज मेणाचा) पातळ हात द्यावा. चामडी म्यानात तलवार ठेवू नये. चामडं ओल धरतं आणि त्यातलं आम्ल पातं खातं. पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर काहीच टांगू नये.

१०० वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येते. ९ इंचांहून लांब पात्याला परवाना लागतो का, हे खरेदीआधीच पोलीस आयुक्तालयात विचारावं.

– एक वाचक, नाशिक