अंगावरून वारं गेलं म्हणून तेल चोळत बसू नका, हे गावोगाव सांगा साहेब

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार साहेब,

माझं माहेर मराठवाड्यातल्या एका खेड्यात. दोन वर्षांपूर्वी सकाळी सातला आईचा फोन आला, अण्णांच्या हातातनं चहाची बशी सुटली, उजवा हात उचलेना, तोंड एका बाजूला वाकडं झालंय आणि काय बोलतात ते कळत नाही. आमच्याकडे ह्याला अंगावरून वारं गेलं म्हणतात. आणि वारं गेलं म्हटलं की पुढचं ठरलेलंच असतं, तेल गरम करायचं, हातपाय चोळायचे, लकव्याचं झाडपाल्याचं औषध देणारा कुणी असेल त्याला बोलवायचं. घरात चार माणसं अण्णांचे पाय चोळत होती, शेजारच्या काकू चमच्याने पाणी पाजत होत्या, जीव सगळ्यांचाच तुटत होता पण घाई मात्र कुणालाच नव्हती. मीसुद्धा फोनवर म्हणाले, आई थोडा वेळ बघ, उतरेल. हे मेंदूचं दुखणं आहे हे मला शिकलेलीलाही माहीत नव्हतं.

साडेनऊला गाडी करून तालुक्याला नेलं. बीपी बघितलं, सलाईन लावली आणि सीटी स्कॅन इथे नाही, जिल्ह्याला न्या म्हणाले. जिल्ह्याला पोचेपर्यंत साडेबारा. तिथल्या डॉक्टरांनी सगळ्यात आधी विचारलं, ह्यांना शेवटचं नीट चालता-बोलताना कुणी आणि किती वाजता बघितलं? आई म्हणाली पाचला, म्हशीची धार काढायला मी उठले तेव्हा. भाऊ म्हणाला नाही, साडेसहाला मोटर चालू करून आले तेव्हा माझ्याशी बोलले. दोघं तिथेच स्ट्रेचरजवळ वाद घालायला लागले आणि डॉक्टर हळूच म्हणाले, कुठलीही वेळ धरली तरी उशीर झालाय आता.

रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि ते साडेचार तास आपल्याला कळलं तेव्हापासून नाही तर माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात, हे मला त्या दिवशी कळलं. आधी सीटी का तर मेंदूत गुठळी अडकली की रक्तस्राव झालाय हे बाहेरून ओळखता येत नाही, आणि रक्तस्राव असताना तेच इंजेक्शन दिलं तर माणूस जाऊ शकतो. रक्त अडलं की मिनिटाला साधारण 19 लाख मेंदूपेशी मरतात असं म्हणतात. आम्ही तर पहिले अडीच तास नुसते तेल चोळण्यात घालवले.

म्हणून साहेब पहिली मागणी भाषेची आहे. दवाखान्यात पोस्टर लागतात त्यावर वारं जाण्यालाच स्ट्रोक लिहिलेलं असतं, गावात स्ट्रोक म्हटलं तर लोकांना वाटतं उन्हाचा. पक्षाघात शब्द पुस्तकात राहिला. भिंतीवर सरळ लिहा, वारं गेलं तर चोळत बसू नका, 108 लावा. तोंड वाकडं, हात गळाला, बोलणं अडखळलं, ह्यातलं एक जरी अचानक झालं तरी घड्याळ बघा आणि निघा, तोंडात पाणी घालू नका, डॉक्टरने सांगितल्याशिवाय गोळी देऊ नका. दहा-पंधरा मिनिटांत आपोआप बरं वाटलं तरी त्याच दिवशी दाखवा कारण तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो. हे आशाताई घरोघरी सांगू शकतात, ग्रामपंचायतीच्या स्पीकरवर सांगता येतं, वारीत तुमच्या खात्याचे कॅम्प असतातच तिथे सांगा. आशाताईंना त्याचा मोबदला मात्र द्या, त्यांच्यावर आधीच कामाचा डोंगर आहे.

दुसरं, लोक जागे झाले आणि तालुक्यात मशीनच नसेल तर काय उपयोग? प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात रात्री-अपरात्रीही चालणारं सीटी आणि ते इंजेक्शन मोफत ठेवा, बाहेर त्याची किंमत हजारोंच्या घरात जाते आणि त्या घाईत पैसे कुठून गोळा करायचे? न्यूरोलॉजिस्ट म्हणजे मेंदूचा डॉक्टर तालुक्याला मिळणार नाही हे आम्हालाही कळतं. पण हिमाचल प्रदेशात 2014 पासून सीटीचे फोटो व्हॉट्सॲपवर न्यूरोलॉजिस्टला दाखवून जिल्ह्याच्या दवाखान्यातले डॉक्टर इंजेक्शन देतात. डोंगराळ राज्याला जमलं, आपल्याकडे तर मुंबई, पुणे, नागपूरला मोठी मेडिकल कॉलेजं आहेत.

आणि 108 वाल्यांना ठरवून द्या की असा पेशंट जवळच्या दवाखान्यात नाही, तर जिथे सीटी आणि इंजेक्शन दोन्ही आहे तिथेच न्यायचा आणि निघतानाच तिकडे फोन करायचा. आम्ही आधी तालुक्याला थांबलो तिथेच तासभर गेला.

बीपीच्या गोळ्यांचंही बघा. अण्णांनी बरं वाटतंय म्हणून गोळी मधेच बंद केली होती, आणि आमच्या गावात अशी घरं मोजायला बसलं तर बोटं पुरणार नाहीत.

अण्णा आज काठी घेऊन अंगणापर्यंत जातात. उजव्या हाताने घास उचलत नाही, माझं नाव घ्यायचं असतं पण तोंडातून आईचं निघतं आणि मग ते रडतात. फिजिओथेरपी तालुक्याला नाही, जिल्ह्याला आठवड्यातून तीनदा न्यायला भावाला शेत सोडावं लागतं, म्हणून ती चार महिन्यांत बंद पडली.

29 ऑक्टोबरला जागतिक स्ट्रोक दिवस असतो. त्याआधी निदान एवढं जाहीर करा की राज्यात कुठल्या कुठल्या सरकारी दवाखान्यात हे इंजेक्शन चोवीस तास मिळतं. ती यादी आली की आमच्या गावात चावडीवर मी स्वतः लावीन.

आपली नम्र,
अण्णांची मुलगी