आतड्यातले जिवाणू आणि तुमचा नातू

तीर्थरूप आई-बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

नातवाच्या वाढत्या वजनाचा तुम्हां दोघांना घोर लागला आहे, हे मी जाणते. त्याचे रात्रीचे जेवण बंद करावे आणि चांगल्या जिवाणूंची कॅप्सूल सुरू करावी, असे आईने सुचवले. त्यावर फोनवर तुटक बोलण्यापेक्षा सविस्तर लिहिलेले बरे, असे वाटले.

माणसाच्या शरीरात अंदाजे ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. धान्याचा कोंडा, कडधान्ये, भाज्या, फळे यांतले जे तंतू आपल्याला पचत नाहीत, तेच त्यांचे अन्न. हे तंतू आंबवून ते ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही आम्ले तयार करतात. ब्युटिरेटवर आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात, आणि पोट भरल्याची जाणीव करून देणारी संप्रेरके स्रवण्यासही या आम्लांचा हातभार लागतो. साखर आणि मैदा मात्र लहान आतड्यातच शोषले जातात. म्हणजे मूल पोटभर जेवून उठते आणि त्याच्या आतले जिवाणू उपाशी राहतात. म्हणूनच जेवण तोडण्याला माझा विरोध आहे. बदलायला हवे ते ताटातले पदार्थ.

आता कॅप्सूलविषयी. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने २०१३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. जुळ्यांपैकी एक लठ्ठ आणि दुसरे सडपातळ, अशा जोड्यांचे जिवाणू त्यांनी जंतुरहित उंदरांत सोडले, तेव्हा लठ्ठ भावंडाचे जिवाणू मिळालेल्या उंदरांच्या अंगावर अधिक चरबी चढली. दोन्ही प्रकारचे उंदीर एकाच पिंजऱ्यात ठेवल्यावर सडपातळ भावंडाचे जिवाणू दुसऱ्या उंदरांत रुजले आणि त्यांची चरबी वाढायची थांबली. परंतु संपृक्त चरबी जास्त आणि फळे-भाज्या कमी असा आहार दिला, तेव्हा ते रुजलेच नाहीत. ऑकलंडमध्ये १४ ते १८ वर्षांच्या लठ्ठ मुलामुलींना निरोगी दात्यांचे जिवाणू कॅप्सूलमधून दिले गेले. २०२० साली आलेल्या निष्कर्षांनुसार पोटाभोवतीच्या चरबीत थोडा फरक पडला, पण उंचीच्या मानाने वजन काही कमी झाले नाही. तेव्हा आई, कॅप्सूल पाठवू नकोस.

याउलट कॅनडात ७ ते १२ वर्षांच्या जास्त वजनाच्या मुलांना १६ आठवडे इन्युलिन हा तंतू दिल्यावर त्यांच्या आतड्यांतले बिफिडोबॅक्टेरियम हे उपयुक्त जिवाणू वाढले आणि शरीरातील चरबीचे प्रमाण घटले. दहा वर्षांपुढील प्रत्येकाने अन्नातून दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू घ्यावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या मुलाच्या पोटात त्याच्या निम्मेही जात नव्हते.

आहार बदलला की जिवाणूंचे प्रमाण काही दिवसांतच बदलू लागते, आणि जुने खाणे सुरू झाले की तितक्याच लवकर ते मूळ पदावर येते. म्हणून सुटीत तो तुमच्याकडे असताना लाडाने गोड आणि तळलेले रोज देऊ नये, अशी कळकळीची विनंती आहे. बाबा, फोनवर तुम्ही त्याला वजन विचारले, तेव्हा तो काही न बोलता फोन माझ्या हातात देऊन खोलीत गेला आणि संध्याकाळपर्यंत जेवला नाही. लठ्ठपणात आनुवंशिकता, झोप, हालचाल, औषधे अशा कितीतरी गोष्टी गुंतलेल्या असतात. त्याला केवळ हावरटपणा समजणे अन्यायाचे आहे. त्याला काय आवडले ते विचारत जा, वजन विचारू नका.

तंतू एकदम वाढवले तर पोट फुगते, गॅस होतो. त्यालाही पहिल्या आठवड्यात तसा त्रास झाला. म्हणून कडधान्यांचे प्रमाण आम्ही हळूहळू वाढवत आहोत आणि पाणीही जास्त देत आहोत. तुमच्याकडे तो येईल तेव्हाचे प्रमाण निघण्यापूर्वी कळवीन.

तुमची लेक